होडीवालीचा अंगठा

गावात सगळे त्यांना पुरावाकाका म्हणायचे, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट एकदा कुणीतरी आदराने इतिहासकार म्हटलं, तर यांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "कोण म्हणतं?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "त्याला त्यात काय पडलंय?" आणि तिसरा, "कागद कुठे आहे?" या तिन्ही प्रश्नांच्या चाळणीतून जे खाली पडेल ते खरं, बाकी सगळी बडबड. चाळणी घरातही लागायची. मुलाने लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा मुलीकडच्यांचं पत्र हातात येईपर्यंत काकांनी आपला आनंद राखून ठेवला होता. सून गॅस संपल्याचं म्हणाली की हे आधी स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडर हलवून बघत. सुनेने पहिली दोन वर्षं मनाला लावून घेतलं, मग ती स्वतःच म्हणायला लागली, "बाबा, गॅस संपलाय, तपासायला या."

माणूस जन्मतः असा नसतो. काकांना असं केलं ते त्यांच्या नोकरीने. चौतीस वर्षं ते नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसले. शाळेसाठी मुलाचा जन्म सहा महिने अलीकडे आणणारे बाप त्यांनी पाहिले, वाटणीसाठी बापाचा मृत्यू आठ दिवस पुढे ढकलणारी मुलं पाहिली. माणूस जन्मभर खोटं बोलतो हे त्यांना आधीच ठाऊक होतं. जन्मण्याआधी आणि मेल्यानंतर हे काम नातेवाईक सांभाळतात, हे खिडकीमागे कळलं.

पण याच खिडकीने त्यांना गावाच्या इतिहासाचं वेडही लावलं. जुन्या वह्या उलटताना रस्ते, गिरण्या, पटकीच्या साथीची वर्षं, पडलेले वाडे, बुजलेल्या विहिरी असं सगळं गाव त्यांच्या पुढ्यात येऊन बसायचं. जे दिसेल, जे ऐकू येईल त्याची एक चिठ्ठी करायची, चिठ्ठीवर ते तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहायची आणि ती बुटांच्या रिकाम्या खोक्यात घालायची, ही त्यांची पद्धत. नदीचा खोका, शाळांचा, बाजाराचा, गिरणीचा. अशी साठेक खोकी भिंतीला लागून होती. अगदी खालच्या फळीवर एक खोका वेगळा, त्याच्यावर लाल अक्षरांत 'रद्द'. ज्याला कागद नाही ती चिठ्ठी त्यात जायची. फेकायची मात्र नाही. टाकलेला कागद कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नव्हता. खोकी कुणी उघडली तर कळावं म्हणून प्रत्येक झाकणावर ते दोऱ्याचा एक तुकडा ठेवत. सून धूळ झटकताना तो उचलायची आणि पुन्हा होता तिथे ठेवायची, इतकी वर्षं ती हे करत आली आणि काकांना पत्ता लागला नाही.

त्यांचं पहिलं पुस्तक गावातल्या तळ्या-विहिरींवर होतं. सात वर्षांच्या मेहनतीचं. ते आलं आणि दीडच वर्षात कॉलेजातल्या प्राध्यापकांचं एक जाडजूड पुस्तक आलं. त्यात काकांच्या बेचाळीस पानांतली सगळी माहिती, फक्त शब्द बदलून, बसली होती. काकांचा कुठे उल्लेखही नव्हता. काका पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले. प्राध्यापकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "अहो, विहिरी काय तुम्ही खणल्यात? खरी गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. तुम्हाला सापडली तशी मलाही सापडली."

चोरी झाली हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं, पण पुरावा नव्हता, आणि पुरावा नाही म्हणजे काय ते काकांनाच सर्वांत जास्त कळत होतं. पंधरा दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही.

एका दुपारी काकू ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकू म्हणजे त्यांची बायको. बोलायला कमी, ऐकायला पक्की. काका समोर येऊन बसले आणि ताटातून निघालेल्या बारीकशा खड्याकडे बघत राहिले.

"हा दाताखाली आला की माणूस ओरडतो," ते म्हणाले.

"ओरडणारच."

"माझ्या पुस्तकात असा एक खडा हवा. एक खोटी गोष्ट. लहानशी, कुणाचं नुकसान न करणारी. जो चोरून खाईल त्याच्या दाताखाली यावी. पण ती माझ्या पुस्तकाशिवाय जगात कुठेच असता कामा नये."

"कुठेच म्हणजे?"

"कुठल्याही कागदात."

काकूंचा हात ताटावर थांबला. मग त्या पुन्हा निवडायला लागल्या. "नदीवरचं पुस्तक लिहिताय ना आता? त्यात घाला. पूल नव्हता तेव्हा एक बाई होडी चालवायची. नवरा मेल्यावर नऊ वर्षं. सकाळी धुकं पडलं की प्रत्येक वल्ह्याला मोठ्याने आकडा म्हणायची, म्हणजे पलीकडे उभ्या असलेल्यांना होडी कुठवर आली ते कळायचं. या काठापासून त्या काठापर्यंत दोनशे बारा."

"दोनशे बाराच का?"

"मग तुम्ही सांगा किती ते."

काका खूश झाले. नगरपालिकेच्या होडी-परवान्यांच्या वहीत एकही बाई नाही हे त्यांना पाठ होतं, म्हणजे गोष्ट खोटी. आणि ऐकायला अशी की वाटावं, झालीच असेल. "खोटं बोलायला तुझ्याकडून शिकलं पाहिजे," ते म्हणाले. काकूंनी निवडलेले खडे खिडकीत ठेवले आणि तांदूळ धुवायला घेतले.

होडीवाली पुस्तकात गेली. पुढे गिरणीवरच्या पुस्तकाला खडा लागला तोही काकूंनीच दिला: गिरणीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मालकाने सात वर्षं बारा मिनिटं पुढे ठेवलं होतं, कामगार लवकर यावेत म्हणून. बाजाराच्या पुस्तकासाठी तिसरा दिला: मंडईच्या दाराशी बसून लोकांची पत्रं लिहून देणारा एक माणूस होता, आणि सांगणाऱ्याने सांगितलं नसलं तरी तो प्रत्येक पत्राच्या शेवटी 'काळजी करू नये' असं आपल्या मनाने लिहायचा. तिन्ही वेळा काकूंना विचार करावा लागला नाही. विचारलं की उत्तर तयार. काकांना एकदा असा संशयही आला की ही बाई इतकं सहज खोटं बोलते तर माझ्याशी किती बोलत असेल. तीन दिवस त्यांनी तिच्या बोलण्यावर लक्ष ठेवलं. काही सापडलं नाही, तेव्हा नाइलाजाने सोडून दिलं.

आणि मासा गळाला लागला. प्राध्यापकांच्या नव्या ग्रंथाचा वाचनालयाच्या सभागृहात समारंभ होता. पान एकशे नव्वदवर होडीवाली होती, दोनशे बारा आकड्यांसकट. काका तिसऱ्या रांगेतून उठले.

"प्राध्यापकसाहेब, ही होडीवाली तुम्हाला कुठल्या कागदात सापडली?"

"जुन्या दप्तरात."

"कुठल्या?"

प्राध्यापकांनी पाण्याचा घोट घेतला.

"सापडणारच नाही," काका म्हणाले. "कारण अशी बाई कधी झालीच नाही. मी तिला माझ्या स्वयंपाकघरात तयार केली. तुम्हाला पकडायला."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. प्राध्यापकांनी कागद गोळा केले आणि बाजूच्या दाराने ते निघून गेले. काकांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस. एवढ्या आनंदातही त्यांनी नेहमीप्रमाणे टिपलं होतं की बायकांच्या रांगेतून एक साधीशी बाई उठून बाहेर गेली आणि तिच्या पाठोपाठ काकूही गेल्या. उकडत असेल, असं त्यांनी धरलं.

घरी आले तर काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"एवढ्या लोकांत ती झालीच नाही असं म्हणायची काय गरज होती?"

"झालीच नाही तर नाही म्हणायला काय जातं?"

काकू उठून बसल्या. एवढंच म्हणाल्या, "आता खडे तुमचे तुम्ही शोधा." त्यानंतरच्या दोन पुस्तकांतले खडे काकांनी स्वतः तयार केले. एक न पडलेलं झाड आणि एक नसलेला मैलाचा दगड. वाचणाऱ्याला जांभई यावी असे.

काकू जाऊन आता चार वर्षं झाली. काका अठ्ठ्याहत्तरचे. छापखानेवाल्याने त्यांची सगळी पुस्तकं एकत्र, एका मोठ्या ग्रंथात काढायचं ठरवलं होतं, आणि वर्तमानपत्रात तशी चौकटही आली होती. मुद्रितं तपासून टेबलावर ठेवलेली. शनिवारी दुपारी छापखानेवाला न्यायला येणार. काकांचं शेवटचं काम झालं होतं, पाचही खड्यांवर लाल पेन्सिलीने काट. आपल्यामागे गावात फक्त खरं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. एकदा छापलं की पुन्हा दुरुस्ती नाही, हेही त्यांना कळत होतं.

गुरुवारी सकाळी सून दारात आली. "बाबा, एक बाई आल्यात. पुस्तकाचं काम आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"त्याच म्हणतात."

बाई पन्नाशीच्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली, कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"मी शिवणकाम करते. पुलाखालच्या गल्लीत. तुमच्या पुस्तकातली ती होडीवाली, ती माझी आजी."

काकांच्या मनात एकच शब्द वाजला: प्राध्यापक. इतकी वर्षं गप्प बसला आणि नेमका ग्रंथ निघायच्या वेळी यांना पुढे केलं. म्हातारा अंथरुणाला खिळलाय म्हणतात, पण कोण म्हणतं?

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"प्राध्यापकांकडे जाता-येता का?"

"त्यांच्या सुनेचे कपडे शिवते. तुमच्या सुनेचेही शिवते."

दारामागे सुनेला खोकला आला. काकांनी तिकडे बघितलं. म्हणजे हिलाही फितवलं असेल काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते त्यांच्या मनात नेहमीच येऊन जायचं.

शिवणकामवाल्या बाई सांगत होत्या. तुमचं नदीचं पुस्तक आलं तेव्हा आईने ते पान काचेत लावून घेतलं. 'यात माझ्या आईचं नाव नाही, पण ही माझी आई आहे,' असं म्हणत येईल त्याला दाखवायची. मग ती सभा झाली. आई मागच्या रांगेत होती. घरी आली, काच काढली. भिंतीवर चौकोन राहिला. गल्लीतली पोरं मला खोट्या बाईची नात म्हणायची.

"तेव्हाच का आला नाहीत?"

"आई म्हणाली, माझी आई होती याचा पुरावा द्यायला मी कुणाच्या दारात जाणार नाही. मी मेल्यावर तुला जायचं तर जा. गेल्या वर्षी ती गेली. पेपरात वाचलं की सगळी पुस्तकं नव्याने येतायत, चुका काढून. म्हटलं, आता हे आजीला कायमची काढतील." त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद काढला. "हा आईचा शाळेत भरती करतानाचा अर्ज. शाळा बंद पडली तेव्हा ज्याचे त्याला दिले. सभेनंतर आठवड्याने आईकडे तिच्या ओळखीच्या एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हा जपून ठेव. तो माणूस वाईट नाही. त्याला माणसांचं ऐकू येत नाही, कागदाचं येतं."

"कोण होत्या या बाई?"

"आईने सांगितलं नाही."

प्राध्यापकांची बायको, दुसरं कोण. काकांनी मनातल्या मनात नोंद केली आणि कागद हातात घेतला. वास घेतला. उजेडासमोर धरला. टाचणीचा गंज कागदात किती उतरलाय ते नखाने बघितलं. कागद जुना होता, हे मान्य करावं लागलं. पालकाचं नाव एका बाईचं. व्यवसायाच्या रकान्यात हेडमास्तरांच्या अक्षरात 'होडी'. खाली अंगठा. ठसा लहान, आणि त्यावरून एक तिरपा पांढरा ओरखडा गेलेला, जुन्या जखमेचा.

"'होडी' हा शब्द मागून घुसडता येतो," काका म्हणाले.

"येतो," बाई म्हणाल्या. "अंगठा नाही येत." आणि कागद तिथेच ठेवून त्या गेल्या.

शुक्रवारी काका नगरपालिकेत गेले. ज्या खोलीत चौतीस वर्षं काढली तिथे आता एक नवीन कारकून बाई होत्या. त्यांनी काकांना एक अर्ज दिला आणि ओळखपत्र मागितलं.

"मी इथेच होतो. या सगळ्या वह्यांना नंबर मी घातलेत."

"असेल. पण पुरावा हवा, आजोबा."

काका पुन्हा घरी गेले, ओळखपत्र घेऊन आले. मनातून त्यांना ती बाई आवडली.

होडीच्या परवान्यांची वही निघाली. ही वही त्यांनी नदीच्या पुस्तकासाठी पानन् पान वाचली होती. चार नंबरची होडी, एकाच होडीवाल्याचं नाव, सलग तेरा वर्षं, दरवर्षी नावापुढे अंगठा. त्यांनी भिंग काढलं. पहिल्या चार वर्षांचे अंगठे मोठे, पसरट. पाचव्या वर्षापासून ठसा लहान झालेला. आणि त्यावरून तिरपा पांढरा ओरखडा.

काकांनी शाळेचा अर्ज शेजारी ठेवला. एकदा बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग त्यांनी मृत्यूच्या नोंदींची त्या वर्षांची वही मागवली, जी वही त्यांच्या स्वतःच्या कपाटात चौतीस वर्षं होती, त्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर. होडीवाला परवान्याच्या चौथ्या वर्षी वारला होता. तापाने. वय एकतीस.

मेलेला माणूस नऊ वर्षं अंगठा उठवत होता. बाईला परवाना मिळत नव्हता, म्हणून ती नवऱ्याच्या नावावर आपला अंगठा देत राहिली, आणि नगरपालिकेने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. हे कळायला दोन वह्या शेजारी ठेवायच्या होत्या, बाकी काही नाही. गावातल्या प्रत्येक माणसावर संशय घेता घेता काकांचा कागदावर घ्यायचा तेवढा राहून गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

भर सभेत आपण एका जिवंत राबलेल्या बाईला पुसून टाकलं आणि लोक हसले, हे त्यांना नगरपालिकेतल्या लाकडी बाकावर बसून कळलं, आणि त्यांना लाज वाटली. प्राध्यापक चोर होता यात शंका नव्हती, पण त्याने चोरलेला माल खरा होता. त्यालाही एक पत्र लिहावं लागणार. ते लिहिताना हात जड होणार.

तरी एक प्रश्न सुटत नव्हता. खोटी म्हणून सांगितलेली गोष्ट खरी निघाली कशी? घरी येईपर्यंत काकांनी यावर तर्क लढवले. आपणच कुठेतरी वाचून विसरलो असू. आपल्यालाच कुणीतरी गळ टाकला असेल. जेवण झाल्यावर ते खोक्यांसमोर बसले. नदीचा खोका चिठ्ठी चिठ्ठी करून उपसला, काही नव्हतं. मग खालच्या फळीवरचा 'रद्द' ओढला. तो कित्येक वर्षांत उघडला नव्हता.

अगदी तळाशी एक गठ्ठा होता, त्यांच्याच तरुणपणीच्या टोकदार अक्षरात. वरचीच चिठ्ठी ही: 'पुलाआधी नदीवर एक बाई होडी चालवी. धुक्यात वल्ही मोजी, दोनशे बारा. कोण म्हणतं: बायको. काय पडलंय: लहानपणी त्या होडीतून शाळेत जाई, होडीवालीची मुलगी वर्गात होती. कागद: नाही.' आणि त्यावर आडवं, लाल शाईत: 'रद्द.'

तारीख लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली होती.

काकांना ती संध्याकाळ आठवली नाही. कितीही ताण दिला तरी आठवेना, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. नवी नवरी मोठ्या हौसेने आपल्या लहानपणची गोष्ट सांगत असेल, आणि हे समोर बसून चिठ्ठी करत असतील. मग विचारलं असेल, कागद कुठे आहे?

गठ्ठ्यात अशा एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या. 'कोण म्हणतं: बायको' आणि वर 'रद्द'. तिचे वडील गिरणीत होते, मनोऱ्यावरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे असे म्हणत: रद्द. तिच्या आईला बुजवलेल्या विहिरीची जागा ठाऊक होती: रद्द. शेवटच्या चिठ्ठीवरची तारीख लग्नाला दीड वर्ष झाल्यानंतरची. त्यापुढे बायकोची एकही चिठ्ठी नव्हती. तिने सांगणं सोडून दिलं होतं, आणि यांना वाटत आलं की ही मुळातच बोलायला कमी.

मग एक दिवस हे तिच्यासमोर येऊन बसले आणि खोटी गोष्ट मागितली. खरी म्हणून जी पुस्तकात गेली नसती ती तिने खोटी म्हणून आत घातली. आयुष्यात फक्त खडे मागतानाच यांनी तिला तीन प्रश्न विचारले नाहीत. खोट्याला कोण विचारतो, कोण म्हणतं म्हणून? आणि सभेच्या दिवशी तिला खरं बोलता आलं असतं. तिने एक शब्द काढला असता तर सभागृह यांना हसलं असतं. ती मुकाट्याने बाहेर गेली, आणि आठवड्याने वर्गातल्या मैत्रिणीकडे जाऊन कागद जपायला सांगून आली.

काका खोक्यासमोर बसून रडले. सून दारात येऊन उभी राहिली. तिने जमिनीवर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

घड्याळाची चिठ्ठी मिळाली, होडीवालीची मिळाली. पत्रं लिहिणाऱ्याची मिळाली नाही. काकांनी एक्केचाळीस चिठ्ठ्या तीनदा बघितल्या, सगळी खोकी बघितली. ती गोष्ट काकूंनी मागितल्याबरोबर खरोखरच रचली होती, की सांगायची राहून गेलेली बेचाळिसावी होती? विचारायला माणूस नव्हतं.

शनिवारी सकाळी ते अर्ज परत द्यायला पुलाखालच्या गल्लीत गेले. बाई मशीनवर होत्या. काकांनी वह्यांचं सगळं सांगितलं, आणि म्हणाले, "तुमची आजी होती. माझी चूक झाली."

बाईंनी पाय थांबवला. "लिहून द्या," त्या म्हणाल्या.

काकांनी खिशातली कोरी चिठ्ठी काढून मशीनच्या फळीवर लिहिलं, सही केली, तारीख घातली. बाईंनी ती दोनदा वाचली, भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे एकदा बघितलं आणि चिठ्ठी अर्जाबरोबर त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

दुपारी छापखानेवाला आला. काकांबरोबर त्याची वीस वर्षं गेलेली, त्यांच्या तीन प्रश्नांनी पोळलेला माणूस. त्याने मुद्रितं चाळली. झाड आणि मैलाचा दगड यांच्यावर काट होती. बाकी तीन ठिकाणी काट मारलेल्या ओळींशेजारी लिहिलं होतं, 'राहू द्यावे.'

"होडीवालीला वह्यांची तळटीप आहे, घड्याळाला तुमच्या जुन्या चिठ्ठीची," तो म्हणाला. "या पत्रं लिहिणाऱ्याखाली काय टाकू? इथे कागद दिसत नाही."

"नाहीच. लिहा, लेखकाच्या पत्नीने सांगितलं."

छापखानेवाल्याने मान वर केली. त्याला वाटलं, म्हातारा आपली परीक्षा घेतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संधी आली होती, तर त्यानेही सोडली नाही.

"आणि काकूंना त्यात काय पडलं होतं?" त्याने हसत विचारलं.

काकांनी मुद्रितं आपल्याकडे ओढून घेतली. "मी ऐकावं," ते म्हणाले, "एवढंच." आणि त्यांनी मुद्रितांचा गठ्ठा दोरीने बांधायला घेतला.